कप्तानाची हरकत

न्यायाधीशाचा माणूस निरोप सांगून गेला, तेव्हापासून कप्तान बेल्शियोर क्वारेझ्मा घरभर बूट आपटत फिरत होता. निरोप तसा साधा होता. कप्तानाच्या मुलाने, आन्सेल्मोने, न्यायालयात अर्ज केला होता. मला मिकाएलाशी लग्न करायचं आहे, माझी पंचविशी अजून उलटलेली नाही म्हणून पोर्तुगीज राणीच्या कायद्याप्रमाणे बापाची संमती लागते, आणि बाप कारण नसताना ती अडवून धरतो आहे, असं त्यात म्हटलं होतं. येत्या शनिवारी न्यायाधीश स्वतः घरी येणार होते. आपली हरकत काय आहे ते कप्तानाने पवित्र ग्रंथावर हात ठेवून त्यांच्यासमोर सांगायचं होतं.

"कारण नसताना म्हणे," कप्तान जेवणाच्या टेबलाशी येऊन म्हणाला. "मुलीची आई जहाजाच्या तळाशी कोंबून आफ्रिकेतून आणलेली. बाप ब्रागा शहरातला पोर्तुगीज व्यापारी, त्याने तिच्याशी लग्नसुद्धा केलं नाही आणि मरून गेला. याहून मोठं कारण न्यायाधीशाला कोणतं पाहिजे?"

"मग तेच सांगा आणि मोकळे व्हा," त्याची बायको युलालिया म्हणाली. "आधी जेवा. डुकराचं मांस गार होतंय."

"बेल्शियोर, बस," त्याची थोरली बहीण क्वितेरिया म्हणाली. "वहिनी बरोबर सांगतेय."

आन्सेल्मोने ताटातून मान वर केली. आत्याने आईची बाजू घेतलेली त्याने जन्मात पाहिली नव्हती. विधवा होऊन क्वितेरिया भावाच्या घरी राहायला आली ती कोठीच्या किल्ल्या कमरेला लावूनच, आणि तेव्हापासून त्या दोघींत धड सरळ शब्द उरला नव्हता. युलालिया चीज मागायची आणि क्वितेरिया विचारायची, कशाला. पण मिकाएलाचं नाव निघाल्यापासून दोघी एकमेकींना मीठ पुढे करत होत्या. आपल्या प्रेमामुळे घरात एवढी शांतता नांदेल असं आन्सेल्मोला वाटलं नव्हतं.

"आत्या," तो म्हणाला, "बाबांच्या गणवेशावरचं जरीकाम बघून तूच म्हणालीस ना, एवढी सफाई फक्त देवदूतांच्या हाताला असते?"

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं कुणाचा हात आहे."

"म्हणजे आता काम बिघडलं का?"

"उलट बोलू नकोस," युलालिया म्हणाली. "ती मुलगी छान शिवते, तिने शिवत राहावं. शिवणारीला कुणी नाही म्हटलंय? तू सुनेच्या गोष्टी करतोस."

दुपारी वकील आला. पोझो दा सेरा गावात समुद्रापलीकडे कोइंब्राच्या विद्यापीठापर्यंत जाऊन शिकून आलेला तो एकच, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लोक त्याच्याकडेच सल्ला घेत आणि तो दोघांनाही मनापासून सल्ला देई. त्याने उसाच्या दारूचा पेला हातात घेतला आणि हरकत ऐकून घेतली.

"उत्तम हरकत," तो म्हणाला. "कायद्याला मान्य होण्यासारखी. घराण्यांत बरोबरी नाही, मुलीच्या रक्ताला डाग आहे, या लग्नाने वराच्या कुळाला कमीपणा येईल. हे सिद्ध झालं की अर्ज फेटाळला."

"बघितलंस?" कप्तान मुलाला म्हणाला.

"फक्त एक आहे," वकील म्हणाला. "बरोबरी नाही म्हटलं की न्यायाधीश दोन्हीकडे बघणार. मुलीची आई कोण, हे तुम्ही सांगाल. मग ते विचारतील, कप्तानसाहेब, तुमची आई कोण?"

क्वितेरियाने किल्ल्यांचा जुडगा मांडीवरून उचलून पुन्हा मांडीवर ठेवला.

कप्तानाची आई रिता. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तिचं नाव निघत नसे, आणि निघालंच तर कप्तान म्हणे, आमची आई बेटांवरची, आझोरची. ती इतकी सावळी कशी असं कुणी लहानपणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं होतं: बेटांवर ऊन फार.

"माझी आई बेटांवरची," कप्तान म्हणाला.

"कोणत्या बेटावरची?" वकिलाने विचारलं. "न्यायाधीश तिकडचेच आहेत. फायाल बेटाचे. त्यांची मावशी तिथल्या प्रत्येकाला ओळखते."

युलालियाने खिडकीबाहेर पाहिलं. सासूबाई बेटांवरच्या नाहीत हे तिला लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, सासूबाई डोकं धुऊन अंगणात आपले दाट कुरळे केस वाळवत बसल्या होत्या तेव्हा. पण ती कधी कुणाला बोलली नाही. ते सौजन्य नव्हतं. तिच्या आईची आईही तशाच केसांना खोबरेल चोपडून वरून घट्ट रुमाल बांधायची, आणि ती कुठली हे विचारायची पाळी तिला कुणावर आणायची नव्हती. आता मात्र तिच्या लक्षात आलं की चौकशी नवऱ्याच्या आईपाशी अडली, तर आपल्या आजीपर्यंत येणारच नाही. तिला जरा मोकळं वाटलं.

"मला तर लग्नात सासूबाई बेटांवरच्याच सांगितल्या होत्या," ती म्हणाली. "मी विश्वास ठेवला."

"वहिनी," क्वितेरिया म्हणाली, "तू विश्वास ठेवलास?"

मीठ पुढे करायचे दिवस संपले, हे आन्सेल्मोला त्या आवाजावरून कळलं.

"भांडू नका," वकील म्हणाला. "मार्ग आहे. या राणीच्या वडिलांनी, म्हणजे मागच्या राजाने, कायदा करून ठेवलाय. इथल्या रानातल्या मूळ लोकांशी लग्न करणाऱ्या पोर्तुगीज माणसाला कसलाही कमीपणा नाही. उलट त्याला आणि त्याच्या मुलाबाळांना राजाची मेहेरनजर. आफ्रिकेच्या लोकांबद्दल तो कायदा चकार शब्द काढत नाही, पण रानातल्यांबद्दल अगदी स्पष्ट आहे. तेव्हा, समजा, तुमच्या मातोश्री रानातल्या होत्या."

कप्तान खुर्चीत बसला. न्यायाधीशाचा निरोप आल्यापासून तो पहिल्यांदाच बसला होता.

"आई पडवीबाहेरच्या बेडकाला भ्यायची," क्वितेरिया म्हणाली. "ती रानात कुठे राहिली असेल?"

"लहानपणीच गावात आणली असेल," कप्तान म्हणाला. त्याच्या डोळ्यांत हळूहळू उजेड येत होता. "आणि आणणाऱ्याने सांगितलंच असेल की ही साधीसुधी नाही. तिची चाल आठव, ताई. ताठ मान. ती कुणातरी मुखियाची मुलगी असली पाहिजे."

"मोठ्या मुखियाची, की बारक्या?" युलालियाने विचारलं.

"मोठ्या," कप्तान म्हणाला.

आन्सेल्मोला हसू आवरेना. आठवडाभर तो घरात कैद्यासारखा वावरला होता. आता त्याच्या डोळ्यांदेखत आजी बेटांवरून उठून रानात गेली होती आणि रानात जाऊन राजकन्या झाली होती.

"बाबा," तो म्हणाला, "तसंच असेल तर मिकाएलाच्या आईलाही रानातलीच म्हणू या. दोन राजकन्या झाल्या. बरोबरी झाली. तुमची हरकतच उरत नाही."

"तिच्याकडे बघून कुणाला पटेल?"

"आजीकडे बघून कुणाला पटलं असतं?"

कप्तानाने हात उगारला, पण मारला नाही. वकिलाने पेला रिकामा केला आणि शनिवारी येतो म्हणाला. जाता जाता त्याने मुखियाच्या टोळीचं एखादं नाव ठरवून ठेवायला सांगितलं, म्हणजे ऐन वेळी अडायला होणार नाही.

शनिवारी न्यायाधीश आले. गलेलठ्ठ, घामाघूम झालेले आणि भुकेले. युलालियाने कोबी, मक्याचा सांजा आणि कोंबडी वाढली. ते मन लावून जेवले. मग बैठकीच्या खोलीत टेबलावर ग्रंथ ठेवला गेला. लेखनिकाने पिसाची लेखणी तासली, आणि त्याच वेळी दारात पालखी थांबली.

पालखी मिकाएलाच्या आईची, तेओदोराची होती. ती वाहणारे दोघेही तिच्या मालकीचे होते. खाणींवर भाकऱ्या आणि गोडाधोडाचे पदार्थ विकून तिने आधी स्वतःला गुलामीतून सोडवलं, मग कौलारू घर घेतलं, आणि मग इतरांसारखेच गुलाम घेतले. त्यात तिला काही वावगं दिसलं नव्हतं, आणि गावालाही नाही. पालखीतून ती उतरली ती निळ्या रेशमात, गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालून. मागून मिकाएला उतरली. तिचा पोशाख साधा होता. हात मात्र ती एकमेकांत घट्ट गुंफून उभी राहिली.

युलालियाने न्यायाधीशाला खुर्ची दिली होती, वकिलाला दिली होती. तेओदोराला कुणी बस म्हटलं नाही. आन्सेल्मो उठला आणि त्याने आपली खुर्ची तिच्यापुढे ठेवली. ती निवांत बसली आणि तिने पंखा उघडला.

"सुरुवात करू," न्यायाधीश म्हणाले. "कप्तान, हात ठेवा. मुलाच्या लग्नाला तुमची हरकत काय?"

कप्तानाने ग्रंथावर हात ठेवला. "मुलगी आमच्या बरोबरीची नाही. तिची आई काळी आहे, गुलाम होती. आमच्या कुळाला आजवर असा डाग नाही."

तेओदोराचा पंखा एकसारखा हलत राहिला.

"तुमच्या कुळाबद्दल सांगा. वडील?"

"मिन्यो प्रांतातले. जुने ख्रिस्ती, नव्याने बाटलेले नव्हेत. सगळ्यांना माहीत आहे."

"आई?"

"माझी आई," कप्तान म्हणाला. ग्रंथावरचा हात त्याने जरा दाबला. "माझी आई या देशातल्या मूळ लोकांपैकी. एका मोठ्या मुखियाची..."

"बेल्शियोर, हात काढ," क्वितेरिया म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती. तरीही लेखनिकाची लेखणी थांबली.

"ताई, मध्ये बोलू नकोस."

"हात काढ म्हणते. हे लग्न मला नको आहे. त्या बाईला या घरात खुर्चीवर बसलेली बघून माझं पोट दुखतंय. घरात तू काहीही सांग, मी ऐकून घेईन. इतकी वर्षं बेटं ऐकून घेतली. पण देवाच्या पुस्तकावर नाही." तिने न्यायाधीशाकडे पाहिलं नाही, फक्त भावाकडे पाहिलं. "पावसाळ्यात आईचा खांदा दुखायचा. तुला आठवत नाही, तू लहान होतास. मी फडकं गरम करून शेकायची. तिथे डागलेलं होतं, गुलामांच्या व्यापाऱ्याची खूण, बोटाएवढी. तू कोणत्या मुखियाची मुलगी डागलेली पाहिलीस?"

कप्तानाचा हात अजून ग्रंथावरच होता. लहान असताना त्या खांद्यावर डोकं टेकून तो झोपत असे, आणि गालाला काहीतरी खरखरीत लागे. ते काय आहे हे त्याने कधी विचारलं नव्हतं. ते विचारायचं नसतं, एवढं त्याला तेव्हाच समजलं होतं.

न्यायाधीशांनी घसा खाकरला. ते वाईट माणूस नव्हते, आणि जेवण चांगलं झालं होतं. "कप्तान, अजून काही लिहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "हरकत असेल तर मला दोन्ही कुळांची चौकशी करावी लागेल, साक्षी घ्याव्या लागतील, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलवावं लागेल. हरकत नसेल, तर मग चौकशी कशाची?"

कप्तान समजला. तो गावातल्या चर्चच्या बंधुसंघाचा प्रमुख होता, आणि त्या संघात फक्त गोऱ्यांनाच जागा होती. सणाच्या मिरवणुकीत चांदीचा दंड हाती धरून तो सगळ्यात पुढे चालत असे. त्याने हात उचलला.

"माझी संमती आहे," तो म्हणाला. "बापाचं काळीज आहे. मुलाचं सुख बघायचं."

"लिहा," न्यायाधीश लेखनिकाला म्हणाले. "पित्याने वात्सल्यापोटी, स्वखुशीने संमती दिली."

आन्सेल्मोने मिकाएलाकडे पाहिलं. तिचे गुंफलेले हात सुटले होते. युलालियाने गोड पदार्थांचं तबक आणायला सांगितलं. वकील न्यायाधीशाच्या कानाशी लागून, काम लवकर आटोपलं, असं काहीतरी म्हणाला.

"झालं तर मग," न्यायाधीश म्हणाले. "आता मुलीची बाजू. वयाने लहान आहे, वडील नाहीत. म्हणजे आईची संमती. तेओदोरा, तुमची आहेच ना?"

तेओदोराने पंखा मिटला.

"मला कुणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "आता विचारताय तर विचार करायला हवा. मुलाकडची माणसं कशी आहेत?"

कुणीतरी हसलं. बहुधा वकील. पण तेओदोरा हसत नव्हती, आणि तिची मुलगी तिला चांगली ओळखत होती. मिकाएला एक पाऊल पुढे आली.

"आई," ती पुटपुटली.

"तू थांब. कप्तानसाहेब, तुमच्या आईचं नाव काय?"

"रिता," कप्तान म्हणाला.

"नुसती रिता? आम्हाला इथे आणलं तेव्हा नावापुढे गावाचं, टोळीचं नाव लावत होते. ती रिता काय होती?"

कप्तानाने बहिणीकडे पाहिलं. तिने नजर दिली नाही.

"रिता कौराना," तो म्हणाला.

तेओदोराने जिभेने टकक् असा आवाज केला, बाजारात नासकं फळ हाती आल्यावर करतात तसा.

"कौराना," ती म्हणाली. "मग अवघड आहे. आमच्या लोकांत कौरानांशी सोयरीक करत नाहीत. ते आमच्या गावांवर चालून यायचे, माणसं पकडून किनाऱ्यावर विकायचे. मला विकलं ते त्यांनीच. माझी आजी उठून आली तर म्हणेल, तेओदोरा, घराण्याचं काय केलंस?"

"तेओदोरा," न्यायाधीश म्हणाले, "हरकत रास्त असावी लागते."

"कप्तानसाहेबांची हरकत रक्ताची होती. ती तुम्ही ग्रंथावर हात ठेववून ऐकायला निघाला होतात. माझीही रक्ताचीच आहे. मीही हात ठेवते. मला खोटं बोलावं लागणार नाही."

न्यायाधीशांनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने खांदे उडवले. कायदा त्याने दोन्ही बाजूंना मनापासून समजावून सांगितला होता.

मग जे झालं ते पुढे युलालियाने कधी कबूल केलं नाही. कप्तान तेओदोराच्या खुर्चीपाशी गेला आणि आपलं घर कसं चांगलं आहे ते सांगू लागला. मुलगा दारू पीत नाही. शेत आहे, गुरं आहेत. आत्या जरा तापट आहे, पण मनाची वाईट नाही. सुनेला कोठीच्या किल्ल्या देऊ. हे ऐकून क्वितेरिया आणि युलालिया दोघींनी एकदमच मान वर केली.

तेओदोराने सगळं ऐकून घेतलं.

"मुलगा बरा आहे," ती शेवटी म्हणाली. "त्याने खुर्ची दिली. पण आपली आई लपवून ठेवणाऱ्या घरात माझी मुलगी गेली, तर उद्या मलाही लपवतील. नातवंडं विचारतील आणि तुम्ही सांगाल, तुमची ती आजी बेटांवरची. तेव्हा एकच मागणं आहे. पाद्री रविवारी लग्न पुकारतो तेव्हा आईबापांची, आजीआजोबांची नावं वाचतो. तिथे तुमच्या आईचं नाव पूर्ण वाचायचं. माझं वाचणार आहेतच."

"हे इथे लिहू नये म्हणून तर मी..." कप्तान म्हणाला आणि थांबला.

"इथे कुठे लिहायला सांगते? नुसतं वाचायचं."

बापाचा एवढासा झालेला चेहरा आन्सेल्मोने कधी पाहिला नव्हता, आणि त्याला वाटला होता तेवढा आनंद त्यात नव्हता.

क्वितेरिया उठली. तिने तबक उचललं, आधी न्यायाधीशापुढे धरलं आणि मग तेओदोरापुढे. "वाचू दे, बेल्शियोर," ती भावाकडे न बघता म्हणाली. "तिच्या नावाने आपण कधी प्रार्थनाही सांगितली नाही. पाद्रीला नाव काय सांगायचं हाच प्रश्न होता."

रविवारी चर्च भरलेलं होतं. बायका नेहमीसारख्या खाली फरशीवर बसल्या होत्या, बंधुसंघाचे पुरुष वेदीजवळ उभे होते. कप्तान पहिल्या रांगेत होता. पाद्रीने लग्नं पुकारली. आन्सेल्मो, बेल्शियोर क्वारेझ्मा आणि युलालिया यांचा मुलगा, नातू थोरल्या क्वारेझ्मांचा आणि गिनी किनाऱ्यावरच्या रिता कौरानाचा. मिकाएला, तेओदोराची मुलगी.

कप्तानाने डोळे मिटून घेतले. कुजबुज होईल, मागे कुणीतरी हसेल, याची तो वाट बघत राहिला. काहीच झालं नाही. एक म्हातारा खोकला. पाद्री पुढच्या लग्नाकडे वळला.

बाहेर पायऱ्यांवर तो उन्हात उभा राहिला. संघाचा दंड उद्या परत मागवतील, बहुधा निरोप पाठवून, असा त्याचा अंदाज होता. पण संघात कुणी चौकशीचं नाव काढलं नाही. एकदा चौकशी सुरू झाली तर ती कुणाच्या आजीपाशी जाऊन थांबेल, हे सांगता येत नव्हतं. संघातला सगळ्यात म्हातारा माणूस काठी टेकत त्याच्यापाशी आला.

"तुझी आई, रिता," म्हातारा म्हणाला. "काय हात होता तिचा. लहानपणी आम्ही तुमच्या मागच्या दाराशी उभे राहायचो. ती पेरूचा गोड पाक द्यायची केळीच्या पानावर. तुला आठवतं?"

कप्तान एक पायरी खाली उतरून म्हाताऱ्याशेजारी उभा राहिला.

"पेरूचा नव्हे," तो म्हणाला. "केळ्यांचा. पेरूच्या बिया तिच्या दातांत अडकायच्या."